शुगर ग्लायडर घरी आणताय? आधी त्याची रात्र समजून घ्या

पहिल्या रात्री अडीचच्या सुमाराला घरात कुत्र्याचं पिल्लू भुंकतंय असं वाटून मी दचकून उठले. घरात कुत्रा नव्हताच. दिवा लावला तर मुठीत मावेल एवढा, शंभर ग्रॅमसुद्धा न भरणारा एक जीव पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात लटकून, थांबून थांबून, एकाच सुरात भुंकत होता. मला वाटलं, भूक लागली असेल. वाटी भरून ठेवली. त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते भुंकणं खाण्यासाठी नव्हतं, आपल्या जातभाईंसाठी होतं, हे कळायला मला पुढे बरेच दिवस लागले. तोवर आणखी दोन-तीन चुका करून झाल्या होत्या. त्या तुम्ही करू नयेत, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतेय.

आधी दोन शब्द हा प्राणी कोण याबद्दल. याला ‘उडती खार’ म्हणून दाखवतात, पण खारीशी त्याचं काही नातं नाही. कांगारूसारखा, पोटाला पिशवी असलेला, म्हणजे शिशुधान प्राणी आहे तो. मूळचा ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीच्या जंगलांतला. पुढच्या पायाच्या करंगळीपासून मागच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत कातडीचा पडदा असतो. तो ताणून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर पन्नास मीटरपर्यंत तरंगत जातो. दिवसा झाडाच्या ढोलीत अख्खं कुटुंब एकमेकांच्या अंगावर गोळा होऊन झोपतं आणि रात्री बाहेर पडतं. झाड, रात्र आणि कुटुंब या तीन गोष्टी डोक्यात ठेवल्यात तर पुढच्या बहुतेक सूचना न सांगताही सुचतील.

## १. आणायचं की नाही, ते आधी ठरवा

नीट सांभाळलं तर हा प्राणी दहा-बारा वर्षं जगतो, काही पंधरापर्यंतही जातात. आज शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हट्टासाठी आणणार असाल, तर ते मूल शिकून घराबाहेर पडेपर्यंत हा घरात असेल आणि त्याची शी-शू तुम्हीच काढत असाल. हो, शी-शू. याला जागेची शिस्त लावता येत नाही. खांद्यावर, बाहीवर, पडद्यावर, जिथे असेल तिथे. कोणी ‘आमचा शिकलाय’ म्हणालं तर हसून विषय बदला.

वासाचंही तसंच. फार उग्र नसतो, पण असतो. नर तर आपल्या ग्रंथींचा वास घरभर लावत फिरतो. त्याच्या दृष्टीने ती घराची कागदपत्रं.

आता तीन गोष्टी, ज्या आणण्याआधीच पाहायच्या असतात आणि ज्या आपण हमखास नंतर पाहतो.

कायदा: तुम्ही राहता तिथे हा प्राणी पाळायला परवानगी आहे का, परवाना किंवा नोंदणी लागते का, हे वन्यजीव खात्याकडून लेखी विचारून घ्या. विकणाऱ्याच्या तोंडी ‘काही प्रॉब्लेम नाही’वर विसंबू नका. एकाच देशात राज्याराज्यांत नियम वेगळे असतात. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी चालतो, पण कॅलिफोर्निया, हवाई आणि अलास्कामध्ये बंदी आहे. खुद्द ऑस्ट्रेलियात, त्याच्या मायदेशात, परवान्याशिवाय ठेवता येत नाही.

डॉक्टर: कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर याला पाहतीलच असं नाही. ‘तुम्ही शुगर ग्लायडर तपासता का, याआधी तपासलाय का?’ असा थेट प्रश्न विचारून मगच नाव लिहून ठेवा. असा एकही डॉक्टर पोहोचण्यासारख्या अंतरावर नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: आणू नका.

घरातले बाकीचे: मांजर, शिकारी जातीचा कुत्रा, साप किंवा मोठा पक्षी असेल तर दोघांच्या खोल्या कायमच्या वेगळ्या ठेवाव्या लागतील. मांजर ‘गरीब’ आहे, हे ग्लायडरला माहीत नसतं.

## २. एक नको, दोन हवेत

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. ‘एकच घ्या, म्हणजे तुमच्याशी जास्त लळा लागेल,’ असं मला सांगितलं गेलं आणि मी ते मानलं. जंगलात हा प्राणी सहा-सात मोठे आणि त्यांची पिल्लं अशा गोतावळ्यात राहतो; एकमेकांच्या वासावरून घरचा कोण, परका कोण ते ओळखतो. एकट्याला ठेवलं की तो रात्र रात्र भुंकतो, खाणं कमी करतो, शेपटीचे केस उपटतो. पुढची पायरी म्हणजे स्वतःचंच अंग चावून घेणं. आपण दिवसा कामात आणि रात्री झोपेत. मग त्याला सोबत देणार कधी?

माझ्या या पहिल्या ग्लायडरला, म्हणजे गोटी नावाच्या मादीला, सोबत म्हणून मी भोवरा नावाचा नर आणला, तेव्हा पिंजऱ्यातलं भुंकणं आठवड्याभरात थांबलं.

जोडी कशी असावी? निर्बीजीकरण केलेला नर आणि मादी ही सगळ्यात सोपी. दोन माद्याही चालतात. निर्बीजीकरण न केलेले दोन नर वयात आले की भांडू शकतात. नर-मादी तसेच ठेवलेत तर पिल्लं होणार हे गृहीत धरा. नराचं ऑपरेशन साधारण पाच-सहा महिन्यांचा झाला की करता येतं. आणि ते झाल्यावरही काही आठवडे त्याला मादीपासून दूर ठेवायला सांगतात.

दुसरा प्राणी नंतर आणत असाल तर थेट एका पिंजऱ्यात सोडू नका. आधी महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा, विष्ठा तपासून घ्या. मग पिंजरे शेजारी आणा, पण मध्ये हातभर अंतर ठेवा, नाहीतर जाळीतून बोटं चावतात. झोपायच्या झोळ्यांची अदलाबदल करा. वास ओळखीचा झाला की दोघांनाही परक्या असलेल्या जागेत, तुमच्या डोळ्यांसमोर, भेट घडवा. थोडी कुरबुर चालते. गोळा होऊन लोळत मारामारी सुरू झाली तर मध्ये टॉवेल टाकून वेगळं करा. हात घालू नका.

## ३. निवडताना काय पाहायचं

पिल्लू पिशवीबाहेर येऊन किमान आठ आठवडे झालेले असावेत. त्याआधी आईपासून तोडलेलं पिल्लू हातात लवकर ‘माणसाळल्यासारखं’ वाटतं, कारण ते घाबरून गोठलेलं असतं. विकणारा वय जन्मापासून सांगतोय की पिशवीतून बाहेर आल्यापासून, ते विचारा. दोन्हींत सव्वादोन महिन्यांचा फरक पडतो.

डोळे टपोरे आणि चमकदार, नाक स्वच्छ, न वाहणारं, शेपटी भरलेली, गुदद्वाराजवळचे केस स्वच्छ. फांदीवरून चढताना मागचे पाय घट्ट धरतात का, हे नीट बघा. बघायला संध्याकाळी उशिरा जा. दुपारी सगळेच ग्लायडर गरीब दिसतात.

नराच्या डोक्यावर मधोमध चौकटच्या आकाराचं टक्कल असतं. ती वासाची ग्रंथी आहे. भोवऱ्याच्या डोक्यावर ते उमटायला लागलं तेव्हा मी बुरशी समजून डॉक्टरांकडे धावले होते. डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “अभिनंदन, मुलगा वयात आला.”

आणायच्या दिवशी हातात असायला हवेत ते कागद:

- खरेदीची पावती, त्यावर विकणाऱ्याचं नाव-पत्ता
- परवाना किंवा नोंदणी लागत असेल तर त्याची प्रत
- जन्माची आणि पिशवीबाहेर आल्याची तारीख
- आई-वडील कोण याची नोंद. जोडी घेताना भावंडं गळ्यात पडू नयेत म्हणून हे महत्त्वाचं
- आतापर्यंत नेमकं काय खात होता, त्याची यादी
- ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी

आणि घरात आधीच आणून ठेवायच्या वस्तू: पिंजरा, फ्लीसच्या (लोकरीसारख्या मऊ कापडाच्या) निदान तीन झोळ्या, अंगावर बांधून फिरायची चेनची एक झोळी, चाक, दोन-तीन जड वाट्या, पाण्याची बाटली, खोलीचा तापमापक, एक-एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा, सुई नसलेली एक मिलिलिटरची सिरिंज, आणि प्रवासाचा छोटा पिंजरा. वजनकाट्याला सगळे हसतात. तो सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

## ४. पिंजरा लावा, प्राणी आणण्याच्या आधी

लांबी-रुंदीपेक्षा उंची महत्त्वाची. जोडीसाठी कमीत कमी ६० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ९० उंच. यापेक्षा मोठा घेता आला तर घ्याच. गजांमधलं अंतर सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको; डोकं बाहेर गेलं की धड जातंच. साध्या जस्ताच्या मुलाम्याची जाळी टाळा. मुतामुळे ती गंजते आणि हे प्राणी जाळी चाटत-चावत असल्याने जस्त पोटात जायची भीती असते. पावडर कोटिंगचा पिंजरा बरा. दार सरकतं असेल तर क्लिप लावा. ग्लायडर दार उचलायला शिकतात.

जागा: थेट ऊन, वाऱ्याचा झोत आणि स्वयंपाकघराचा धूर यांपासून लांब. तापमान साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस. तिशीच्या पुढे पारा गेला की त्यांना उष्णतेचा त्रास व्हायला लागतो. फार थंडी पडली तर अंग गार पडून ते सुन्न होतात. त्याबद्दल पुढे. खोलीत दिवसा उजेड आणि रात्री अंधार असावा. रात्री दोनपर्यंत टीव्ही चालणाऱ्या खोलीत पिंजरा ठेवलात तर त्याची रात्र कधी होणार?

झोळ्या पिंजऱ्याच्या वरच्या भागात टांगा. ढोली उंचावर असते, जमिनीवर नव्हे. कापड फ्लीसच हवं. टॉवेलच्या फाशांत नखं अडकतात. शिवण आतून झाकलेली असावी आणि दर आठवड्याला झोळी उलटी करून सुटलेला दोरा आहे का ते बोटाने चाचपून पाहा. एक बारीक दोरा पायाच्या बोटाला गुंडाळला जातो, ओढेल तसा आवळतो आणि बोट काळं पडतं. कापलेले दोरे मी आता दिव्याखाली धरून बघते.

चाक: मध्ये आडवा दांडा नसलेलं आणि धावायची पट्टी सलग असलेलं. हॅमस्टरचं शिडीसारखं चाक अजिबात नको. दांड्यात शेपूट गुंडाळली जाते, फटीत पाय अडकतो. चाक वाजतं का, ते विकत घेताना फिरवून बघा. तुम्ही त्याच घरात झोपणार आहात.

तळाला देवदार किंवा पाइनचा भुसा घालू नका, त्यातल्या उग्र तेलाने श्वासाचा त्रास होतो. साधा कागद किंवा फ्लीसचा तुकडा पुरे. वाट्या रोज, तळ आठवड्यातून दोन-तीनदा, गज आठवड्यातून एकदा पुसायचे. मात्र सगळं एकाच दिवशी लख्ख करू नका. एक झोळी न धुतलेली राहू द्या. स्वतःचा वास नाहीसा झाला की ते बेचैन होतात आणि दुप्पट जोराने वास लावत सुटतात. तुमची मेहनत वाया, त्यांची वाढते.

## ५. खाणं: इथेच बहुतेक जण फसतात

मला सांगितलं होतं, “फळं द्या, कुठलीही. गोड आवडतं त्यांना, म्हणून तर शुगर.” मी तीन महिने केळं, द्राक्षं, सफरचंद देत राहिले. गोटी आवडीने खायची, वाटी चाटूनपुसून साफ.

मग एका रात्री ती नेहमीच्या फांदीवर चढली आणि तिचा मागचा उजवा पाय घसरला. तिने तो परत वर घेतला. पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा तिने तो वर घेण्याचा प्रयत्नच केला नाही, नुसते पुढचे पाय ओढत पुढे गेली, आणि पाय मागून ओल्या फडक्यासारखा आला. सकाळी एक्स-रे काढला. हाडं ठळक पांढरी दिसायला हवी होती, ती काचेवरच्या वाफेसारखी दिसत होती. कॅल्शियमअभावी शरीराने हाडांतलंच कॅल्शियम काढून वापरलं होतं. वेळेत गेलो म्हणून वाचली. औषधं, आणि चढायला काहीच नसलेल्या बुटक्या पिंजऱ्यात कित्येक आठवडे सक्तीची विश्रांती. उंचावर राहणाऱ्या प्राण्याला जमिनीवर बसवून ठेवणं काय असतं, ते त्या दिवसांत पाहिलं.

जंगलात ते झाडांचा चीक, डिंक, मकरंद, परागकण खातात आणि किडे. फळं नावापुरती. म्हणून घरच्या खाण्यात तीन भाग लागतात.

पहिला, मुख्य मिश्रण. जगभर यासाठी काही ठरलेल्या पाककृती चालतात. त्यातली जुनी आणि सोपी म्हणजे लेडबीटर मिश्रण. ग्लायडरचा भाऊबंद असलेल्या लेडबीटर पॉसमच्या नावाने ते ओळखलं जातं. कोमट पाणी १५० मिलि, मध १५० मिलि, कवच काढलेलं एक उकडलेलं अंडं, लहान बाळांचं जास्त प्रथिनांचं सीरियल २५ ग्रॅम, आणि जीवनसत्त्वं-खनिजांची पावडर एक चमचा. आधी पाणी आणि मध, मग अंडं, मग बाकीचं घालून गुठळी न राहता घुसळायचं. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं. जास्त केलंत तर बर्फाच्या साच्यात घालून गोठवा. पावडर कोणती आणि किती, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच. जीवनसत्त्व ड अंदाजाने वाढवलं तर तेही अंगाशी येतं.

दुसरा, प्रथिनं: कीटकभक्षी प्राण्यांचं तयार खाद्य, उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं शिजवलेलं चिकन, आणि किडे. मीलवर्म अळ्या किंवा रातकिडे पाळीव प्राण्यांसाठी वाढवलेलेच घ्या, बागेतले पकडून नकोत. त्यांच्या अंगावर कीटकनाशक असू शकतं. देण्याआधी एक-दोन दिवस त्या किड्यांनाच चांगलं खायला घाला आणि कॅल्शियमची पावडर भुरभुरा. एरवी त्यांच्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जेमतेम.

तिसरा, थोडी फळं-भाज्या. इथे एकच हिशोब लक्षात ठेवायचा: एकूण खाण्यात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या दुपटीच्या आसपास हवं. पपई आणि संत्र्यात गणित बरोबर बसतं. केळं आणि द्राक्षांत ते उलटं आहे, म्हणजे मी नेमकं तेच देत होते. मक्याचे दाणेही उलटे. पालकातलं कॅल्शियम त्याच्यातलीच ऑक्झलेट नावाची द्रव्यं अडवून धरतात, म्हणून ‘पालेभाजी आहे, चांगलीच असणार’ असं समजू नका.

चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण, ॲव्होकाडो, खारट-तळलेलं: अजिबात नाही.

प्रमाण रोज वजनाच्या १५ ते २० टक्के. शंभर ग्रॅमच्या ग्लायडरला म्हणजे साधारण १५ ते २० ग्रॅम, त्यातलं निम्मं मुख्य मिश्रण. एवढंसं दिसतं आणि हात आपोआप जास्त वाढतो. आवरा, लठ्ठपणाही त्यांना लवकर येतो. संध्याकाळी, ते उठायच्या वेळेला, दोन वाट्यांत वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा म्हणजे एक दादागिरी करणार नाही. सकाळी उरलेलं काढून टाका. गोड तुकडे निवडून बाकीचं सोडून देत असतील तर सगळं बारीक चिरून कालवा.

सकाळी वाटीभोवती वाळलेले गोळे दिसतील. घाबरू नका. ते रस चोखून घेतात आणि चोथा थुंकतात. भिंतीवरही थुंकतात. पिंजऱ्यामागे पुसता येईल असं प्लास्टिक लावून ठेवा.

पाणी बाटलीत आणि वाटीत, दोन्हींत. बाटलीच्या नळीतली गोळी कधी अडकते ते बाहेरून कळत नाही.

## ६. ओळख करून घेणं

पहिले दोन-तीन दिवस हात लावू नका. तुम्ही रात्रभर घातलेला जुना बनियन किंवा फ्लीसचा तुकडा त्यांच्या झोळीत ठेवा आणि गप्प बसा. त्यांना तुमच्याशी नव्हे, तुमच्या वासाशी ओळख करून घ्यायची आहे.

झोळीत हात घातलात की एक आवाज येईल: बिघडलेल्या मिक्सरसारखा घरघराट. एवढ्याशा देहातून तो येतोय यावर विश्वास बसत नाही. मागच्या पायांवर उभा राहून, पुढचे पंजे उगारून ओरडेल. तो रागावलेला नाही, भेदरलेला आहे. अशा वेळी हात झटकन मागे घेतलात तर त्याला कळतं की ओरडलं की हा राक्षस पळतो. हात तिथेच, सपाट, खालून, स्थिर ठेवा. वरून झडप घातल्यासारखा हात आणू नका. जंगलात वरून येतं ते घुबड. चावला तरी हात झटकू नका. कळ येते, रक्तही येतं थोडं, पण चावा लहान असतो. जाड हातमोजे घालू नका. त्यांतून ना तुम्हाला जोर कळतो, ना त्याला तुमचा वास.

मग हे तीन उद्योग रोज:

दिवसा तो झोपलेला असताना चेनच्या झोळीत घेऊन छातीशी बांधा आणि आपली कामं करा. तास-दोन तास पुरे. हृदयाचे ठोके, आवाज, ऊब हे सगळं तो झोपेत गोळा करतो. चेन बंद आहे ना, आणि हवा खेळेल अशी जाळी आहे ना, एवढं बघा.

संध्याकाळी बोटाच्या पेराला मुख्य मिश्रण किंवा दह्याचा थेंब लावून जाळीतून द्या. चाटायला शिकवा, कुरतडायला नाही. म्हणून तुकडा न देता थेंब द्यायचा.

रात्री अर्धा-पाऊण तास लहान बंद जागेत त्यांच्यासोबत जमिनीवर बसा. खोलीत लावलेला तंबू सगळ्यात उत्तम. तुम्ही काहीही करायचं नाही. पुस्तक वाचा. ते आधी कडेकडेने फिरतील, मग पायावर चढतील, मग केसांत शिरतील. त्यांच्या लेखी तुम्ही तंबूतलं एकमेव झाड. नखं टोचतात, म्हणून जुनी पूर्ण बाह्यांची वस्त्रं घाला. मागच्या पायाची दुसरी आणि तिसरी बोटं जोडलेली असतात, ती त्यांची फणी. पुढच्या पंजांवर थुंकी घेऊन, शिंकल्यासारखा आवाज काढत ते अंग पुसतात आणि विंचरतात. तुमच्यासमोर बसून विंचरायला लागले की समजा, भीड चेपली.

किती दिवस लागतील? कोणी दोन आठवडे सांगेल, कोणी सहा महिने. भोवरा दहा दिवसांत खिशात शिरला. गोटीने, जी आधीपासून घरात होती तिने, पडद्याच्या दांडीवरून माझ्या खांद्यावर पहिली झेप घ्यायला नववा आठवडा उजाडला. खांद्यावर कोणी ओला रुमाल फेकावा तसा थप्प आवाज झाला आणि ती जणू काही झालंच नाही अशी कानामागे जाऊन बसली.

आणि हो, शेपटीला धरून कधीही उचलू नका, पकडून थांबवूही नका. कातडी पातळ असते, मोज्यासारखी सोलून निघते. मग शेपूट कापावी लागते.

## ७. घरात मोकळं सोडताना

एक खोली ठरवा आणि तीच वापरा. सोडण्याआधी कमोडचं झाकण बंद. हे पहिलं लिहिलं कारण बुडून मरणं हा पाळीव ग्लायडरचा ठरलेला अपघात आहे. बादली, पाण्याचा टब, फुलदाणीसुद्धा. पंखा बंद. खिडकीला जाळी. दाराच्या फटीत टॉवेल. उघड्या वायरी, मेणबत्ती, गरम इस्त्री बाहेर. कपाटामागची, फ्रीजमागची फट बुजवलेली. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की दार उघडायच्या आधी हाक मारायची. दार लावताना बिजागरीत सापडणं आणि सोफ्यावर न बघता बसणं हेही अपघात होतातच. बाहेर झाडावर ‘मजा म्हणून’ सोडू नका. लळा कितीही असो, एखादा भोंगा वाजला की तो तीस मीटर पलीकडे असेल आणि परत येणार नाही.

## ८. तब्येत

दर आठवड्याला, ठरावीक वारी, झोळीसकट वजन करा आणि झोळीचं वजा करा. मोठा ग्लायडर साधारण ९० ते १६० ग्रॅमच्या दरम्यान असतो. नर थोडे जड. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा. शंभर ग्रॅमच्या देहात दहा ग्रॅमची घट म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो.

हे प्राणी आजार लपवतात. दिसायला लागला म्हणजे उशीर झालेला असतो. खालीलपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका:

- मागचे पाय लटपटणं किंवा ओढणं
- एक अख्खी रात्र काहीच न खाणं
- जुलाब, किंवा खांद्यावरची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडली तर ती लगेच परत न बसणं, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालंय
- लघवीला जोर करणं, थेंब थेंब होणं, नराचं लिंग बाहेर राहून आत न जाणं
- स्वतःचं अंग, शेपूट, टाके चावणं
- फिटसारखे झटके, थरथर

अंग गार, डोळे अर्धवट, हाक मारली तरी हलत नाही, अशी अवस्था थंडीत दिसली तर ती बहुधा गारठ्याने आलेली सुन्नता असते. शेकोटी, हीटर, गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावू नका. आपल्या अंगाच्या उबेत, कपड्याच्या आत घेऊन सावकाश गरम करा. शुद्धीवर येऊन गिळायला लागल्यावरच मधाच्या पाण्याचे थेंब सिरिंजने ओठाशी द्या. आणि मग डॉक्टर.

दात कापू नका, कोणी सुचवलं तरी. खालचे दोन पुढचे दात लांब असणं ही त्यांची ठेवणच आहे. उंदरासारखे ते आयुष्यभर वाढत नाहीत. आंघोळ घालू नका. नखांचं नुसतं टोक, झोपेत, एका वेळी दोन-तीन. माणसाची किंवा कुत्र्याची औषधं अंदाजाने देऊ नका. वर्षातून एकदा तपासणी आणि विष्ठेची चाचणी पुरते. ठरावीक लसी याला लागत नाहीत.

## ९. पिल्लं झालीच तर

पंधरा-सोळा दिवसांच्या गर्भावस्थेनंतर तांदळाच्या दाण्याएवढं पिल्लू जन्मतं आणि स्वतःहून आईच्या पिशवीत सरपटत जातं. तिथे साधारण सत्तर दिवस. तुम्हाला दिसतो तो फक्त पोटाला आलेला शेंगदाण्यासारखा फुगवटा. पिशवी उघडून बघू नका, पिंजरा हलवू नका, पाहुण्यांना दाखवू नका. घाबरलेले आई-बाप पिल्लू टाकून देतात, प्रसंगी खातातही. आईचं प्रथिन आणि कॅल्शियम वाढवा. आणि पुढच्या वेळेआधी नराचं ऑपरेशन करा.

## १०. तुम्ही बाहेरगावी जाताना

कुणाला तरी रोज संध्याकाळी यायला सांगावं लागेल. एका वेळी चार दिवसांचं खाणं ठेवून जाणं हा पर्याय नाही. खाणं वाटीच्या मापात, वारांप्रमाणे डब्या करून गोठवून ठेवा. डॉक्टरांचा नंबर, पिंजऱ्याचं तापमान आणि ‘दार उघडण्याआधी क्लिप, बाहेर पडण्याआधी पुन्हा क्लिप’ हे मोठ्या अक्षरांत लिहून पिंजऱ्यावर चिकटवा. माझ्या बहिणीने पहिल्या खेपेला सूचना न वाचता चिठ्ठी काढून बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला: “अगं, गोटी आहे, भोवरा नाहीये.” तासभर शोधून तो तिच्याच पर्समध्ये, हातमोज्यात झोपलेला सापडला. तेव्हापासून चिठ्ठी पिंजऱ्याला तारेने बांधलेली असते.